रांगोळीचा हिमालय

नांदेडच्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे, ही गोष्ट कॉलेजातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हती आणि उरलेल्या निम्म्यांना ती मान्य नव्हती. सायकल स्टँडच्या मागं, मोडके बाक टाकायच्या जागेला लागून दोन खोल्या होत्या, तोच तो विभाग. विभागप्रमुख सोनकांबळे सर. अध्यापकवृंदही तेच. शिपायाची बदली झाल्यापासून घंटेकडं कान देऊन कुलूप काढणारेही तेच. मी वाणिज्य शाखेचा. मी तिथं जायचो चहासाठी. सर चहा झकास करीत आणि प्राचार्य तिकडं चुकूनही फिरकत नसत, अशी दुहेरी सोय कॉलेजात दुसरीकडं कुठं नव्हती.

सरांचा विषय म्हणजे डोंगर. साधेसुधे नव्हेत, दोन्हीकडून दाबून घड्या पडलेले, तुटून एकमेकांच्या अंगावर चढलेले डोंगर. हिमालयाच्या जातीचे. आता आमच्या मुलखात हा विषय शिकवायचा म्हणजे कमालच. आमच्याकडं खाली काळा दगड, वर काळी माती, सगळं आडवं. अर्धापूरला केळी, देवणीला बैल. डोंगर म्हणाल तर रस्त्याच्या कामाला आणून टाकलेला आणि काम न होता तसाच राहिलेला मुरूम. मी एकदा बालाघाटाचं नाव काढलं तर सरांनी हातातला कप खाली ठेवला.

"त्यो डोंगर न्हाई. भोवतालची जमीन वाहून गेली, ह्यो जागेवर उरला. उरणं येगळं आन् वर येणं येगळं."

हे ते मला म्हणाले की बालाघाटाला की कॉलेजातल्या आणखी कुणाला, ते मी विचारलं नाही. मला त्या वर्षी सेवाज्येष्ठतेनं बढती मिळाली होती.

विद्यार्थी कोण, तर लातूरला डॉक्टर व्हायला गेलेली आणि डॉक्टर न होता परतलेली पोरं. घरी बसण्यापेक्षा काहीतरी म्हणून त्यांचे बाप त्यांना आमच्याकडं आणून सोडत, आणि बाकीच्या शाखा भरल्या की ती सरांच्या वाट्याला येत. पहिल्या दिवशी पोरांची तोंडं मयतीला आल्यासारखी असायची. सर त्यांच्याशी कधी पुस्तकी बोलले नाहीत. नायगावकडच्या खेड्यात जसं बोलत वाढले तसंच ते वर्गात बोलत, आणि पुण्याहून पाहुणे आले तरी त्यात मात्रेचा फरक करत नसत. आमचे इतर काही प्राध्यापक पाहुणे आले की 'आहे' मधल्या हेवर एवढा जोर देत, की पुणेकरही दचकत.

त्यांची एक खोड होती. समोर कापड दिसलं की बोट शिवशिवायचं. स्टाफ मीटिंगला प्राचार्यांचं भाषण रंगात आलं की सर टेबलावरचं हिरवं कापड दोन बोटांनी हळूहळू पुढं ढकलत. कापडाला सुरकुती पडायची, ती उंच व्हायची, मग एका बाजूला कलंडायची. सर तिच्याकडं असं तल्लीन होऊन बघत, की प्राचार्यांना वाटायचं भाषण काळजाला भिडलं. एकदा त्या घडीवर प्राचार्यांचा पाण्याचा पेला चढला आणि त्यांच्याच मांडीवर उतरला. पुढच्या मीटिंगपासून टेबलावर काच आली.

पण सरांची खरी बदनामी दुसऱ्याच कारणानं होती. त्यांना एखादी गोष्ट माहीत नसली, की ते 'माहीत न्हाई' म्हणत. स्पष्ट, मोठ्यानं, आणि वर तोंड करून. शिक्षकी पेशात हे चालतं होय? आम्ही बाकीचे अशा वेळी 'चांगला प्रश्न आहे, तुम्हीच शोधून आणा' म्हणतो आणि घंटेची वाट बघतो. लातूरच्या एका क्लासवाल्यानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये शेकडो पोरं, प्रत्येकाच्या डोक्यात प्रश्नाला चार पर्याय आणि एक उत्तर. एका मुलीनं विचारलं, पुढचा भूकंप कधी येईल? सर म्हणाले, मला माहीत न्हाई, आन् जो माहीत हाय म्हणंल त्याच्यापासून लांब ऱ्हावा. पोरीनं पेन उचललं आणि प्रामाणिकपणे विचारलं, सर, हा पर्याय असतो का? क्लासच्या मालकानं तातडीनं आभार मानले. सरांना त्यानंतर लातूरचं बोलावणं आलं नाही.

आता ती काचेची टाकी. प्राचार्यांच्या दालनात माशांची टाकी होती. मासे काही दिवसांनी मेले. दिवसभर त्या दालनात बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. रिकामी टाकी सरांनी मागून आणली. मी विचारलं, मासे पाळता? म्हणाले, हिमालय पाळतो. घड्या दाखवायला सतरंजी पुरते, पण सतरंजी तुटत न्हाई, आन् डोंगर तर तुटूनच होतो.

मग वजिराबादच्या बाजारातून पुडे आले. टाकीच्या तळाशी राजगिऱ्याचा पातळ थर, कारण त्याचे गोल दाणे घसरतात. त्यावर चाळलेली रांगोळी: पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. एका टोकाला उभी फळी आणि फळीमागं जुन्या मारुतीचा जॅक, आडवा. सर जॅकचा दांडा हळू फिरवायचे. आधी काही म्हणजे काही व्हायचं नाही, आणि मला वाटायचं, चला, चहा घेऊ. तेवढ्यात फळीजवळची रांगोळी फुगायची. काचेतून एक तिरपी भेग वर चढताना दिसायची आणि मागचा सगळा पट्टा त्या भेगेवरून घसरत पुढच्याच्या उरावर बसायचा. तळाची जुनी पांढरी वर, नवी पिवळी तिच्याखाली. दांडा फिरत राहिला की त्याच्यापुढं दुसरी भेग, मग तिसरी. नवा डोंगर नेहमी पुढं फुटायचा आणि मागचे जुने त्याच्या पाठीवर बसून आयते पुढं जायचे. मी म्हणालो, सर, हे तर आपलं संचालक मंडळ झालं. सर हसले नाहीत. त्यांनी राजगिरा काढून त्याजागी खरखरीत वाळू घातली, आणि तोच डोंगर लांब न पसरता फळीपाशीच उभाच्या उभा झाला. खाली घसरायला मिळालं तर लांब जातो, अडलं तर उंच होतो, म्हणाले. मग चमच्यानं शेंडा खरवडला. पावसानं झिजतो तसा. आणि दांडा फिरवल्यावर मागची एक निजलेली भेग पुन्हा हलली.

"बघा. डोंगर झालेला नसतो. होऊन राहिलेला असतो."

मला वाणिज्यातलं कुठलंही तत्त्व इतकं डोळ्यांदेखत घडताना दिसलेलं नाही, हे मी मनातल्या मनात कबूल केलं. तोंडानं म्हणालो, साखर कमी पडली आज.

कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती आली तेव्हा एका साहेबांनी नाक मुरडून विचारलं, की इथं डोंगर नाहीत, तर या विषयाचा स्थानिकांना उपयोग काय? सरांनी त्यांना टाकीच्या लांबच्या टोकाला उभं केलं. तिथं रांगोळीत एक पुठ्ठ्याची पट्टी तिरपी पुरलेली होती. सर इकडून दांडा फिरवत राहिले. इकडं हिमालय झाला, आणि बऱ्याच वेळानं तिकडं, जिथं सगळं सपाट आणि निवांत होतं, त्या पट्टीवरची रांगोळी केसभर सरकली. सर म्हणाले, वर्षाला दोन-तीन बोटं आपला देश तिकडं घुसून राहिलाय. डोंगर तिकडं होतेत, पण रेटा सगळ्या देशातून जातो. कुठं जुनी भेग असली की ती हलती. ती पट्टी म्हंजी किल्लारी. भूकंपाच्या साली आमच्यातले काहीजण मदतीला गेलेले होते, मीही. समितीच्या अहवालात या विभागाबद्दल एकच वाक्य आलं, फरशीवर रांगोळी सांडते, स्वच्छतेला वाव आहे.

सरांची एकुलती एक लेक सुजाता निलंगा तालुक्यातल्या एका गावात दिलेली होती. तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिला मुलगी झाली, बाळंतपण नांदेडला करून ती सासरी गेली, आणि तिकडं जमिनीखालून आवाज यायला लागले. गुडगुड, मध्येच धप्प. भांडी हलायची. भूकंप बघितलेला मुलूख तो. लोक पोराबाळांना घेऊन अंगणात झोपायला लागले. मोठ्या शहरांतून तज्ज्ञ आले. यंत्र पुरलं, घाबरू नका म्हणाले आणि घाबरत घाबरत उजेडातच परत गेले. जिल्ह्याच्या एका सरकारी साहेबांना कुठून तरी समजलं, की गावचा सोयरा या विषयातला प्राध्यापक आहे. त्यांनी सरांना फोन करून सांगितलं, की तुम्ही फक्त एवढंच बोला, काही होणार नाही. सर म्हणाले, मला माहीत न्हाई. साहेब म्हणाले, माहीत नसू द्या हो, बोला. साहेबांचा अधिकार मोठा होता, म्हणून सर निघाले, पण टाकी घेऊन.

सरांना गाडी येत नव्हती. सारथी मी. मागच्या सीटवर टाकी, तिच्या दोन्ही बाजूंना उशा. गावच्या समाजमंदिरात सरांनी रांगोळीचा हिमालय करून दाखवला. एक म्हातारा फार लक्ष देऊन बघत होता. शेवटी म्हणाला, मंग त्यांना म्हणावं ढकलणं बंद करा की. सगळे हसले, सरही हसले. मग एका बाईनं सरळ विचारलं, आत झोपायचं का बाहेर? सरांनी सांगितलं, हा आवाज कशाचा आन् पुढं काय होईल, मला माहीत न्हाई. पण कोणत्या भिंतीखाली झोपू नये ते मालूम हाय. मातीत रचलेली दगडाची उंच भिंत. पत्र्याखाली झोपा, कुडाखाली झोपा, तिच्याखाली नको. आणि असं म्हणताना त्यांची नजर समोर बसलेल्या व्याह्यांवर गेली. सबंध गावात तसली सगळ्यात उंच भिंत व्याह्यांचीच होती.

गायकवाड, म्हणजे सरांचे व्याही, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. उंचेपुरे, मिशीवाले, बोलणं हॉर्नसारखं. त्यांचे वडील आयुष्यभर खाणीवर दगड फोडत. तो दगड दुसऱ्यांच्या घराला जायचा. म्हातारपणी त्यांनी खराबा म्हणून टाकलेला दगड डोक्यावर वाहून आणला आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या घराची मागची भिंत रचली. वस्तीतली पहिली दगडी भिंत. ती बांधली तेव्हा गावातले काही लोक म्हणे रोज येऊन बघून जायचे, आणि त्यांचं बघणं चांगलं नव्हतं. त्या भिंतीला लागून बाळाचा पाळणा होता.

आता पेच बघा. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला म्हणायचं, तुमच्या वडलांची भिंत पाडा. आमच्याकडं मुलीचा बाप व्याह्याच्या घरात खुर्चीवरसुद्धा टेकून बसत नाही. सर रूढी मानणारे नव्हते, पण सोयरिकीपुढं भल्याभल्यांचं विज्ञान मवाळ होतं. त्यांनी आधी सुजातालाच म्हटलं, तू बाळाला घेऊन नांदेडला चल. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला नेलं की गाव समजंल सरांना काहीतरी ठाऊक हाय. रातोरात ट्रॅक्टर भरतील लोक. माझ्या वर्गातल्या पोरांनी कुठं जायाचं?" बापाचं न जाणणं जगजाहीर, तरी गाव त्याच्या तोंडापेक्षा पायांकडं बघणार होतं. आणि हे लेकीला बापाच्या आधी कळलं होतं.

मग दर रविवारी आमची फेरी सुरू झाली. सर अदबीनं विषय काढत. पाळणा पुढच्या पत्र्याच्या खोलीत घेता येईल का? गायकवाड तितक्याच अदबीनं म्हणत, तिथं ऊन लागतंय लेकराला. भिंत निम्मी उतरवली तर? गायकवाड चहा पुढं करत. एकदा मात्र ते उठले आणि भिंतीवर थाप मारून म्हणाले, "इवाई, भूकंपात आख्खं गाव बसलं, ही उभी ऱ्हायली. माझ्या बापाची हाय."

सरांनी त्यांना गिलाव्याखालचा तिरपा तडा दाखवला. गायकवाडांनीच तो बुजवला होता, त्यामुळं त्यांना तो दिसला नाही. आणि त्यांचं शेवटचं म्हणणं ठरलेलं असे, की आम्ही काय झोपेत हाव का? आवाज आला की लेकरू उचलायचं आन् अंगणात यायचं. दहा पावलं न्हाईत. एवढ्याला भिंत कशाला पाडायची? परतीच्या वाटेवर ते टाकीवर हात ठेवून बसत आणि मी गाडीत रेडिओ लावत असे. एका रविवारी मी चिडून म्हणालो, सर, त्या माणसाच्या गळ्यात हिमालय घालून काय उपयोग, तो तुमचा विद्यार्थी आहे का? सर म्हणाले, माझे विद्यार्थी तरी कुठं ऐकतेत.

त्यानंतरच्या एका रविवारची दुपार. जेवणं झालेली. सर लेकीच्या घरी जेवत नसत, तेवढी एक रूढी त्यांनी का कुणास ठाऊक पाळली होती. ते मागच्या खोलीत पाळण्याची दोरी धरून बसले होते. गायकवाड त्यांच्याशेजारी सुपारी कातरत होते. मी दारात. सुजाता अंगणात कपडे वाळत घालत होती. आणि खालून आवाज आला. या खेपेला गुडगुड नव्हती. कुणीतरी जमिनीला आतून खांद्यानं धडक मारावी तसा. फडताळातली पितळी ताटं खाली आली.

मी बाहेर उडी मारली. माझ्या अंगावरून कुणीतरी मला ढकलून पुढं गेलं आणि कडुनिंबापाशी जाऊन थांबलं, ते सोनकांबळे सर होते. अनवाणी. त्यांच्या पाठोपाठ गायकवाड, हातात अडकित्ता तसाच. क्षणभर आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग सुजाता कपडे टाकून आत पळाली. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

ती बाळाला छातीशी धरून बाहेर आली. काही पडलं नव्हतं. भिंत उभी होती, गिलाव्याचा एक पापुद्रा तेवढा पाळण्यात पडला होता. सुजातानं कुणालाही एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

मी कॉलेजात उभी हयात लोकांना स्वतःच्या चुकीला समर्पक कारणं देताना बघितलंय. मीही त्यात तरबेज आहे. मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. प्रतिक्षिप्त क्रिया वगैरे शास्त्र त्यांच्याकडं होतंच. सर गायकवाडांसमोर जाऊन उभे राहिले.

"दोरी माझ्या हातात होती," ते म्हणाले. "दोरी सोडून पळालो. मला सगळं ठाऊक हाय, रेटा कुठून येतो, भेग कुठं हाय, भिंत कशी पडती. दर आठवड्याला येऊन तुम्हाला सांगतो. आन् नात टाकून पळालो मी. आवाज आल्यावर माणूस लेकरू उचलत न्हाई, गायकवाड. म्हणून भिंत नको."

सबंध सोयरिकीत त्यांनी व्याह्यांना नावानं हाक मारली ती तेवढीच.

गायकवाडांनी हातातल्या अडकित्त्याकडं बघितलं. "मी बी होतो की तिथं," ते म्हणाले, आणि त्यांचा तो हॉर्नसारखा आवाज कुठं गेला कळलं नाही. मग ते गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले. शिडी लावली. सुजाताचा नवरा शेतातून येईस्तोवरही थांबले नाहीत. वरचा पहिला दगड त्यांनी पहारीनं ढकलला नाही, हातानं सुटा केला, छातीशी धरून शिडीवरून उतरवला आणि भिंतीच्या कडेला नीट ठेवला. मग दुसरा. शेजारचे येऊन उभे राहिले. दोघं-तिघं शर्ट काढून ओळीत लागले आणि दगड हातोहात खाली यायला लागले. मीही लागलो. वाणिज्य शाखेच्या हातांना किती लवकर फोड येतात हे मला त्या दिवशी कळलं.

सरांना कुणी दगडाला हात लावू दिला नाही. सुजातानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं होतं. मुद्दाम दिलं, असं मला वाटतं. त्या पोरीनं बापाचं 'माहीत न्हाई' घेतलं नव्हतं, पण वर तोंड करून सरळ सामोरं जाणं घेतलं होतं. ते कडुनिंबाच्या बुंध्याशी बसले होते, बाळाभोवती दोन्ही हात अशा पक्क्या घडीनं बांधून की मुंगीला आत जाता येऊ नये. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज झाला की ते बाळावर वाकत आणि मग पुन्हा सरळ होत. चहा आला तो त्यांच्याशेजारी गार होऊन गेला. सुजातानं ताट वाढून आणलं, भाकरी आणि पिठलं; तिनं घास भरवला तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. हात मोकळे नव्हते ना.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाळ रडायला लागलं. सुजाता दोनदा येऊन गेली. तिसऱ्या वेळी ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, पप्पा, आता तरी द्या तिला माझ्याकडं, भूक लागलीय तिला.

सरांनी मान वर केली. वाकून दगड उचलणाऱ्या गायकवाडांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं.

"थांब," ते म्हणाले. "अजून दोन हात भिंत हाय."